गादीवर बसण्यापुरती कंबर

इतवारीच्या भांडेबाजारात भाव गादीवरून सुटतो. दुकानात पाच जण असोत, किंमत बोलतो तो गादीवर मांडी घालून बसलेला एकच माणूस. बाकीच्यांनी माल काढायचा आणि तोंड बंद ठेवायचं. खुर्चीवर बसलेल्याला तर पाहुणाच समजतात. याच गल्लीत मी पाण्याच्या पितळी गुंडांचे गठ्ठे पाठीवर वाहिले आणि पुढे स्वतःची गादी घातली. त्या गादीसमोर दोन महिने खुर्चीवर बसणं काय असतं, ते मलाच ठाऊक.

मांडी घातली की कमरेतून डाव्या पायात कळ उतरायची. म्हणून धाकटा भाऊ गादीवर बसू लागला. त्याला धंदा मीच शिकवला. एकदा गिऱ्हाइकासमोर मी मध्येच भाव बोललो, तर हसून म्हणाला, "भाऊ, तुम्ही चहा घ्या ना." गिऱ्हाईकही हसलं. संध्याकाळी शटर पडल्यावर मी त्याला नाही नाही ते बोललो. गल्ल्याला कुलूप लावून तो म्हणाला,

"लोकायले एकच आवाज पाहिजे, भाऊ. दसऱ्याच्या पूजेले दोन घंटे मांडी घालून बसा. बसले त गादी तुमची. नाही त मंग मी कायमचा बसतो."

दसऱ्याला महिना होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, पोटाचे आणि कमरेचे आतले स्नायू बळकट करा. त्यांनी मनीषनगरातल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे धाडलं. तिने मला उताणं झोपवलं, गुडघे वाकवायला लावले.

"काका, बेंबी हळूच आत घ्या. श्वास चालू ठेवा. दहा मोजा."

मी अख्खं पोट खेचलं.

"एवढं नाही. घट्ट पँटची चेन लावताना घेता ना, तेवढंच."

मग पाय टेकवून कंबर उचलायची. मग रांगल्यासारखं होऊन उजवा हात पुढे, डावा पाय मागे, आणि मधलं अंग हलू द्यायचं नाही. गठ्ठे वाहिलेला मी, आणि नुसता हात-पाय ताणून थरथरत होतो.

"किती दिवस लागतील?"

"रोज दोनदा, प्रत्येक प्रकार दहा वेळा केला तर तीन महिने."

"एका महिन्यात बसवा."

"काका, कमरेशी घासाघीस नाही चालत."

"मी थोकवाला माणूस आहे. एकदम घेतो, मले तसा हिशोब सांगा."

ती हसली, पण म्हणाली, "दुखलं की थांबायचं. जास्त कराल तर मागं जाल."

मला वाटलं, हा तिचा पहिला भाव. पहिला भाव कोण खरा सांगतं? आयुष्यभर मी समोरच्याच्या पहिल्या आकड्यात पाणी धरूनच चाललो. घरी आल्यावर दहाचे तीस केले. दहा मोजण्याऐवजी साठ मोजू लागलो, दात दाबून, श्वास रोखून.

बायको म्हणाली, "तिनं दहा सांगितले, तुम्ही तीस काहून करून राहिले?"

"तुले धंद्यातलं काय समजते?" मी खेकसलो.

पहिला आठवडा खरंच बरं वाटलं. घरी वीस मिनिटं मांडी घालून बसलो. मग तर मी आणखी वाढवलं, तिने न सांगितलेले प्रकारही करू लागलो. दसऱ्याच्या चार दिवस आधी, कोपरांवर अंग तोलून धरलं असताना कमरेत काहीतरी सुटल्यासारखं झालं. बायको आणि शेजारी, दोघांनी मिळून मला पलंगावर टाकलं.

दसऱ्याला संध्याकाळी भाऊ सोनं घेऊन आला. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली आणि रीतीप्रमाणे पाया पडला. सहज वाकला, सहज उठला.

"गादीवर बसलो, भाऊ. बोहनी झाली."

"काय गेलं?"

त्याने वस्तू सांगितली, भाव सांगितला. फार स्वस्त सोडली होती. मी ओरडायला गेलो, पोट ताणलं गेलं आणि पायापर्यंत अशी कळ गेली की तोंडातून शब्द निघाला नाही. मला पटलं असं समजून तो निघून गेला.

आता मी दहाच करतो. दहाच मोजतो, श्वास चालू ठेवून, सकाळी आणि संध्याकाळी. परवा ती मुलगी म्हणाली, "काका, होळीपर्यंत मांडी घालून आरामात बसाल." मी मान हलवली. कुठे बसायचं, ते तिला विचारून काय उपयोग?