साडेपाचनंतर आत कोणी नव्हतं

पायदळात सतरा वर्षं काढून मी नाईक म्हणून निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत पुन्हा वर्दी चढवली. संरक्षण खात्याचे डेपो राखायला माजी सैनिकांचं एक दल आहे, त्यात शिपाई म्हणून भरती झालो आणि पुढे हवालदार झालो. या दुसऱ्या नोकरीची पंधरा वर्षं भरली तर दुसरी पेन्शन लागू होते. कमी भरली तर हातात थोडी रक्कम ठेवतात आणि रामराम. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे घडलं तेव्हा माझी तेरा वर्षं आणि चार महिने झाले होते.

शेवटची पोस्टिंग दिल्लीच्या दक्षिणेला, फरीदाबादच्या बाजूला होती. डेपोचं नाव लिहीत नाही. मी मेन गेटचा गार्ड कमांडर. माझ्या हाताखाली आठ जवान, एक वायरलेस सेट, दोन रजिस्टरं आणि भिंतीवर सिव्हिलियनांच्या हजेरीचं अंगठ्याचं मशीन. सकाळी नऊला लोक अंगठा लावून आत जायचे, संध्याकाळी १७३० ला अंगठा लावून बाहेर.

त्या एका गेटमधून किती प्रकारची माणसं आत जायची ते बघून माझं डोकं फिरायचं. आम्ही वर्दीवाले, चोवीस तास बांधलेले. आमच्याकडे ओव्हरटाइम हा शब्दच नाही आणि त्याची तक्रारही नाही, सही करूनच आलो होतो. मग जुन्या पेन्शनचे सिव्हिलियन. मग त्याच टेबलावर तेच काम करणारे नव्या योजनेचे सिव्हिलियन. आणि शेवटी ठेकेदाराची माणसं, ज्यांना काहीच नाही. आगीच्या बादल्या मात्र सगळ्यांनी उचलायच्या.

ओमबीर नव्या योजनेतला होता. फायर पंपांचा फिटर, राहायला बल्लभगढला, वय त्रेचाळीस. भरतीची परीक्षा त्याने आणि त्याच्या गावच्या दोघांनी एकाच दिवशी दिली होती. त्या दोघांची नेमणुकीची पत्रं वेळेत आली, याचं पोस्टात की ऑफिसात कुठेतरी अडकून काही आठवडे उशिरा आलं. तेवढ्यात जुनी पेन्शन बंद झाली. हा किस्सा तो हसत हसत सांगायचा. मी हसत नसे. मला विचाराल तर त्याने त्या ऑफिसच्या पायरीवर बसून शिव्या घालायला हव्या होत्या.

तर ओव्हरटाइम. सिव्हिलियनांना तो पूर्वी मिळायचा. ऑडिटने आक्षेप काढला, वरून पत्र आलं, ओव्हरटाइम बंद. पत्रात असंही होतं की लेखी मंजुरीशिवाय साडेपाचनंतर कुणी सिव्हिलियन आत दिसला तर त्याच्याकडून खुलासा मागावा. काम मात्र होतं तेवढंच राहिलं, उलट माणसं निवृत्त होत गेली तसं वाढलं. मग लोकांनी आपली वाट शोधली. साडेपाचला अंगठा लावायचा, गेटबाहेरच्या टपरीवर चहा प्यायचा आणि छोट्या दरवाजाने परत आत येऊन काम संपवायचं. मोबदला शून्य. अर्धवट मशीन टाकून घरी जाणं त्यांना जमत नव्हतं, हा एवढाच त्यांचा गुन्हा.

साडेपाचनंतर आत येणाऱ्याचं नाव, वेळ आणि कारण दुसऱ्या रजिस्टरात लिहायचं, हे माझं काम होतं. मी लिहीत नव्हतो. लिहिलं की दुसऱ्या दिवशी त्या माणसाला खुलासा मागणारं पत्र जायचं. माझ्याआधीच्या गार्ड कमांडरने चार्ज देताना किल्ल्या मोजून दिल्या, रायफली मोजून दिल्या आणि जाता जाता म्हणाला होता की पाच-सहा लोक परत येतात, चांगले आहेत, लिहू नका. मला ते पटलं. तीन वर्षं मी लिहिलं नाही आणि त्यात आपण कुणाचं तरी भलं करतोय असंच मला वाटायचं.

मे महिना होता. दिवसभर लू, उत्तरेकडचा तो भाजणारा वारा, चालू होती, गेटचा लोखंडी कठडा हाताला चटके देत होता. १७३० ला ओमबीरने अंगठा लावला. १७४२ ला तो एकटाच परत आला, हातात पाना आणि कागदात गुंडाळलेली पॅकिंग, पंपाची गळती थांबवायला भरतात ती जाड दोरी.

मी विचारलं, "आज फिर?"

"दो नंबर पंप टपक रहा है, फौजी. कल साहब की ड्रिल है. पानी नहीं आया तो गर्दन मेरी ही जाएगी."

"जा, जा. तेरी गर्दन वैसे भी छोटी है."

तो हसला आणि पंप हाऊसकडे गेला. आमच्यात झालेलं शेवटचं बोलणं हे असं.

१८०८ ला टॉवर तीनचा आवाज आला. "मेन गेट, टॉवर तीन. पॅकिंग शेडमधून धूर. ओव्हर." मी सायरन दिला. १८११ ला आमच्या डेपोची फायर गाडी शेडसमोर होती. शेडमध्ये लाकडी खोकी, पुठ्ठे आणि भुसा. वारा पश्चिमेचा. पंप हाऊस त्याच शेडला लागून, मध्ये एक भिंत आणि वर पत्रे. १८१४ ला दोन नंबर पंप सुरू झाला आणि होजला पाणी आलं. दाब पूर्ण होता. शेडच्या पलीकडे रंगाचा आणि ऑइलचा साठा होता, तिथपर्यंत आग गेली नाही ती त्या पाण्यामुळे.

१८१९ ला सुभेदार साहेबांनी सेटवर विचारलं. "मेन गेट, सिव्हिलियन आत किती? ओव्हर."

माझ्यासमोर रजिस्टर उघडं होतं. त्या दिवसाचं पान कोरं. मी बघितलं आणि उत्तर दिलं. "मेन गेट. सिव्हिलियन निल. ओव्हर."

"निल. रॉजर."

मोजणी जुळली. जवान सगळे हजर, सिव्हिलियन कोणी नाही. त्यामुळे माणूस शोधायला कोणी गेलं नाही, सगळे आगीच्या मागे लागले. मी गेटवर बाहेरच्या फायर ब्रिगेडच्या गाडीला वाट मोकळी करून देत होतो. १८२३ ला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंप आपोआप सुरू होत नाही.

सेटवर मी "पंप हाऊसमध्ये माणूस" एवढंच ओरडलो आणि धावलो. गेट सोडलं, तोही गुन्हाच. पंप हाऊसचा दरवाजा उघडा होता, आत धूर गच्च. ओमबीर पंपाला टेकून पडला होता. पॅकिंग आवळायच्या नटावर, ग्लँडवर, पाना तसाच लागलेला. पूर्ण दाबावर पॅकिंग ढिली पडत असणार आणि तो ती आवळत तिथेच थांबला असणार. माझ्यामागे एक जवान धावत आला होता, आम्ही दोघांनी त्याला ओढून बाहेर काढलं. १८५० ला हॉस्पिटलात डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं. अंगावर भाजल्याची खूण नव्हती, धुराने गेला.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून पहिला कागद निघाला. सदर कर्मचारी १७३० वाजता ड्यूटी संपवून बाहेर गेला होता, त्याची पुढील उपस्थिती विनापरवाना होती. ज्या माणसाने डेपो वाचवला त्याला कागदाने चोर ठरवलं. मी तो कागद जोशी मॅडमच्या टेबलावर वाचला. त्या ऑफिस सुपरिंटेंडेंट, मूळच्या पुण्याच्या, वीस वर्षं दिल्लीत. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला समजावून सांगितलं.

"हे बघा निकम, ऑन ड्यूटी धरलं तर त्याच्या बायकोला जादाची पेन्शन आणि सानुग्रह मदत, दोन्ही. नाही धरलं तर साधी केस. आणि मशीन म्हणतंय तो घरी गेला."

मी म्हणालो की तो परत आला होता, मी पाहिलंय.

"अच्छा. मग ते तुमच्या रजिस्टरात का नाही?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मलाच बुडवणारं होतं. माझ्या एक्स्टेन्शनचे कागद त्याच आठवड्यात वर गेले होते. आणखी वीस महिने मिळाले की पंधरा वर्षं पूर्ण. रेकॉर्डवर शिक्षेची एक लाल शाईची एन्ट्री आली की एक्स्टेन्शन संपलं. सुभेदार साहेब भला माणूस, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की रजिस्टर बोलतं तेवढंच बोल, मेलेला काही परत येणार नाही. परत येणाऱ्या बाकीच्या पाचही सिव्हिलियनांनी आपण साडेपाचलाच घरी जातो असं लिहून दिलं. मला त्यांचा भयंकर राग आला. मग वाटलं, यांना सेवेत राहायचंय, उद्याच यांच्यावर कारवाई होईल. पण राग गेला नाही. आजही गेलेला नाही.

घरी सुनंदाला सांगितलं. दुसऱ्या पेन्शनच्या भरवशावर आम्ही फरीदाबादला दोन खोल्या बुक केल्या होत्या. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही सांगणारच आहात," ती म्हणाली. "मला विचारताय कशाला?"

"तू नको म्हणालीस तर नाही सांगणार."

"ते पाप माझ्यावर नका घालू. बिल्कुल नाही. घराचं काय ते आपण बघू, चलो, जेवून घ्या."

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. अध्यक्ष एक लेफ्टनंट कर्नल होते, बाहेरच्या युनिटमधून आलेले. मी साक्ष दिली. ओमबीर १७४२ ला परत आला, मी आत सोडलं, नोंद केली नाही, तीन वर्षं कुणाचीच केली नाही. कर्नल साहेबांनी पेन खाली ठेवला.

"हवालदार, तू काय बोलतोयस ते तुला कळतंय?"

"येस सर."

"बाकी कुणीच असं म्हणत नाहीये. फक्त तू. पुरावा?"

मी सांगितलं की पंपाची लॉगबुक मागवा. दुपारच्या तपासणीत दोन नंबर पंप नादुरुस्त लिहिलाय, खाली इंजिनिअर साहेबांची सही आहे. एक नंबर तर महिनाभर उघडून पडलाय. १८१४ ला पाणी आलं, ते टॉवरच्या नोंदीत आहे. मधल्या वेळात पंप कुणी दुरुस्त केला ते कागदाने सांगावं. लॉगबुक आली. कर्नल साहेबांनी ती दोनदा वाचली, मग स्वतः पंप हाऊसमध्ये जाऊन नवी पॅकिंग पाहून आले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी शेरा लिहिला, मृत्यू सरकारी काम करत असताना.

माझा निकाल महिन्याभरात लागला. नोंद न ठेवल्याबद्दल आणि गेट सोडल्याबद्दल लाल शाई, एक्स्टेन्शन नामंजूर. तेरा वर्षं आणि सात महिन्यांवर मला घरी पाठवलं. फरीदाबादच्या खोल्या सोडून दिल्या, दिल्लीतच भाड्याने राहिलो. पायदळाची पेन्शन चालू आहे, उपाशी कोणी नाही, रडगाणं गायचं नाही. पण चीड येते. ओव्हरटाइम बंद करून काम तेवढंच ठेवणाऱ्या माणसाला कुणी साधा प्रश्नही विचारला नाही. त्याने तर फक्त एक पत्र काढलं होतं.

ओमबीरची फाइल दोन वर्षं फिरली. एका ऑफिसने विचारलं, ओव्हरटाइमचा आदेश कुठे आहे. दुसऱ्याने विचारलं, मृताने परवानगी का घेतली नाही. मृताला कसं विचारायचं ते त्यांनी लिहिलं नव्हतं. जोशी मॅडमनी ती फाइल धरून ठेवली, प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर आणि तेच लॉगबुकचं पान जोडून परत पाठवत राहिल्या. शेवटी मंजुरी आली आणि मॅडमनी मला फोन केला. मी मेट्रोने बल्लभगढला गेलो. म्हटलं, त्याच्या बायकोला, कमलेशला, एकदा भेटून यावं.

तिने बसायला खुर्ची दिली. मंजुरीचं पत्र तिच्याकडे आलं होतं. माझी नोकरी गेली हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, ती म्हणाली, भाईसाहब, आपने बहुत किया. मग तिने विचारलं, "एक बात बताओ. जब धुआँ भर रहा था, किसी ने उन्हें आवाज़ दी थी?"

इन्क्वायरीत मला हे कुणी विचारलं नव्हतं. रजिस्टर विचारलं, गेट विचारलं, आदेश विचारला. सेटवर निल कुणी सांगितलं आणि त्यानंतर किती वेळ गेला, हे कुठल्याच कागदात नाही. मी सांगू शकलो असतो की हो, आवाज दिला होता. तिला बरं वाटलं असतं.

मी खरं सांगितलं. मला विचारलं होतं आत कोण आहे, मी कोणी नाही म्हणालो. चार मिनिटांनी आठवण झाली. त्या चार मिनिटांत त्याला कुणी हाक मारली नाही.

ती उठली. आत जाऊन चहा घेऊन आली आणि कप माझ्यासमोर ठेवला.

"चाय पी के जाना," ती म्हणाली. "फिर मत आना."

मी चहा प्यायलो आणि निघालो. त्याला आता चार वर्षं झाली. ओमबीर, फायर पंप फिटर, कर्तव्यावर असताना मृत्यू. हे आता सरकारी कागदावर आहे आणि ते खोडायची कुणाची हिंमत नाही. पुण्यतिथीला मी बल्लभगढ स्टेशनपर्यंत जातो. तिच्या दारापर्यंत जात नाही.