कोरडी पिन

विमानतळावर तिला सगळे टॉर्चताई म्हणायचे. भर दुपारीसुद्धा तिच्या हातात टॉर्च असे आणि विमानाच्या पोटाखाली वाकून ती कुठल्या ना कुठल्या फटीत उजेड पाडत असे. सव्वीस वर्षं ती छोट्या प्रवासी विमानांची उड्डाणाआधीची तपासणी करत होती. तिची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नसे.

त्या सकाळी तिची सलग नववी पाळी होती. दोन मेकॅनिक नोकरी सोडून गेले होते आणि त्यांच्या जागी कोणी आलं नव्हतं. घरी सासूबाई खुब्याचं हाड मोडून तीन महिने अंथरुणाला खिळलेल्या. नवरा शाळेत कारकून. शाळा सुटल्यावरचं तो बघे, पण रात्री सासूबाईंना कूस बदलायला सूनच लागे. "मुलाचे हात लाकडासारखे आहेत," असं त्यांचं म्हणणं. टॉर्चताईला चार तास सलग झोप कधी मिळाली होती, ते आठवत नव्हतं. पायात बूट घालताना ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि दोन मिनिटं तशीच बसून राहिली.

विमान उभं असताना चाकं चुकून दुमडू नयेत म्हणून प्रत्येक चाकाच्या दांड्यात एक लोखंडी पिन अडकवतात. पिना तीन, मागच्या दोन चाकांच्या दोन आणि नाकाखालच्या चाकाची एक. उड्डाणाआधी त्या काढायच्या, पिशवीत टाकायच्या आणि वैमानिकाला मोजून दाखवायच्या. प्रत्येक पिनेला लांब लाल फीत असते. नाकाच्या पिनेची फीत मात्र पंधरा दिवसांपूर्वी तुटली होती. टॉर्चताईने नवी मागवली होती. ती अजून यायची होती.

बारीक पाऊस पडत होता. नेहमीप्रमाणे तिने नाकापासून सुरुवात केली. टायर पाहिला, वर वाकणार तेवढ्यात सामान चढवणाऱ्याने हाक मारली, "ताई, मागचं दार नीट लागत नाहीये." ती मागे गेली. दार लागेपर्यंत दहा मिनिटं मोडली. मग तिथूनच पुढचं काम सुरू केलं. मागच्या दोन्ही चाकांच्या पिना काढल्या, पिशवीत टाकल्या, हात घालून मोजल्या. एक, दोन, तीन. खिडकीतून पाहणाऱ्या कॅप्टनला तिने पिशवी उघडून दाखवली. त्याने अंगठा वर केला. सहवैमानिकानेही छत्री धरून विमानाला एक फेरी मारली होती. टॉर्चताईने सही केली. अडतीस प्रवासी घेऊन विमान गेलं.

ती शेडमध्ये येऊन चहाचा पेला हातात घेते न घेते, तोच मुख्य मेकॅनिक आला. पाळ्या तोच लावायचा, सगळे त्याला साहेब म्हणत. एरवी घाई न करणारा माणूस, पण आज तो पळत आला होता.

"पुढचं चाक वर येत नाहीये," तो म्हणाला. "मागची दोन आत गेली. कॅप्टनसमोर लाल दिवा पेटलाय. चाक अर्धवट अडकलंय की मोडलंय, कॅप्टनला काही कळत नाही. वर घिरट्या घालतोय."

टॉर्चताईने पेला खाली ठेवला. मनातल्या मनात ती पुन्हा विमानाखाली गेली. उजवी पिन काढताना बोटाला पाणी लागलं होतं. डावीच्या वेळी बाही भिजली होती. नाकाच्या पिनेचं हाताला काहीच आठवेना. मग पिशवी आठवली. आत हात घातला तेव्हा दोन पिना ओल्या होत्या आणि एक कोरडी.

पिशवीत आदल्या पाळीतली एक जुनी, जादा पिन पडून राहिली होती. तिने मोजल्या तीन, पण काढल्या होत्या दोनच.

"साहेब," ती म्हणाली, "नाकाची पिन तशीच आहे. मी काढली नाही."

त्याने दार लोटून घेतलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग चाक खालीच लॉक आहे. काही होणार नाही, ते उतरतील." त्याने आवाज खाली आणला. "उतरल्या उतरल्या तुम्ही पहिल्या जा आणि पिन काढून घ्या. चाक अडकलं होतं, एवढंच लिहू. ताई, तुमची सव्वीस वर्षं आहेत. माझ्याही मागे लागतील."

क्षणभर तिला ते पटलं. ती इतकी दमली होती की कोणी हात धरून नेलं असतं तर ती कुठेही गेली असती.

"पण वरच्यांना हे माहीत नाही ना," ती म्हणाली. "चाक मोडलंय असं समजून ते उतरतील. माणसांना डोकं गुडघ्यात घालून बसवतील. कोणाला काही झालं तर?"

तिने स्वतःच फोन उचलला. टॉवरवाल्याला आपलं काम सांगितलं, चूक सांगितली आणि म्हणाली, "कॅप्टनना सांगा, पुढचं चाक पूर्ण खाली आहे, पिन लागलेली आहे. दुमडणार नाही. मागची खाली घ्या आणि नेहमीसारखं उतरा."

पलीकडच्याने विचारलं, "हे तुमच्या नावावर सांगू?"

"हो. माझ्याच."

पंचवीस मिनिटांनी विमान उतरलं. तिन्ही चाकांवर, सरळ. टॉर्चताई धावपट्टीपासून लांब, कुंपणापाशी उभी होती. कॅप्टन खाली आला, नाकाखाली वाकला, पिन पाहिली आणि हात न लावता उभा राहिला. तिच्याकडे बघून त्याने नुसती मान हलवली. त्या मानेचा अर्थ तिला लागला नाही. प्रवासी कुरकुरत उतरले. एका बाईंनी तिला स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. तिने सांगितलं.

चौकशी तीन आठवडे चालली. अधिकारी सभ्य होता, त्यामुळे उत्तरं देणं जास्तच जड जाई.

"थकला होतात तर सांगायचं होतं."

"सांगितलं होतं. दोनदा."

"लेखी?"

"तोंडी."

त्याने ते लिहून घेतलं. मग सहवैमानिक बोलला. "मी पुढच्या चाकापाशी उभा होतो," तो म्हणाला. "पण ताईंनी बघितलंय म्हटल्यावर मी वाकलो नाही. त्या कधी चुकत नाहीत." टॉर्चताईने मान खाली घातली. शिवी खाल्ली असती तर सोपं गेलं असतं.

तिचा सहीचा अधिकार चार महिन्यांसाठी काढून घेतला. सहवैमानिकाला पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं. सलग नऊ पाळ्या लावल्याबद्दल साहेबाची बदली झाली. त्याची माणसं उपाहारगृहात तिच्या टेबलावर बसेनाशी झाली. तिला गोदामात नटबोल्ट निवडून ठेवायला बसवलं. तिथे काम कमी आणि वेळ ठरलेली. पहिल्या आठवड्यात ती घरी येऊन जेवायच्या आधीच झोपून जाई. सासूबाई मुलाच्या लाकडी हातांनी कूस बदलून घेऊ लागल्या, आणि सुनेला हाक मारायची नाही अशी ताकीदही दिली.

"आता पुरे," नवरा म्हणाला. "सोडून दे."

"अहो, सोडून काय करू? दुसरं काही येत नाही मला."

"पुन्हा तेच होईल."

"होऊ शकतं," ती म्हणाली.

चार महिन्यांनी परीक्षा देऊन ती परत कामावर आली. नव्या साहेबाने पाळ्यांचा तक्ता लावला. तिच्या नावापुढे सलग आठ चौकोन भरलेले. तिने कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्याच अर्ज लिहिला: सलग पाचापेक्षा जास्त पाळ्या कोणालाही देऊ नयेत, दिल्या तर मी सही करणार नाही. खाली आणखी कोणी सही करतं का विचारलं. दोघांनी केली. बाकीचे खिडकीबाहेर बघत राहिले.

अर्ज मान्य झाला. सहावा दिवस सुट्टीचा ठरला आणि न बोलणाऱ्यांनीही तो घेतला. थंडीपर्यंत ते पाळलं गेलं. मग एक मेकॅनिक आजारी पडला, एक नोकरी सोडून गेला आणि तक्त्यात पुन्हा सात चौकोन भरले. टॉर्चताईने जुन्या अर्जाची प्रत काढली, तारीख बदलली आणि साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवली. यावेळी उत्तर यायला बरेच दिवस लागणार, हे तिला ठाऊक होतं. सहाव्या दिवशी ती कामावर गेली नाही.