मजकूर वाचणाऱ्या शिंदेबाई

माझी वही परत आणायला मी टायपिंगच्या दुकानात गेले होते. तीस वर्षं खेड्यापाड्यांत नर्स म्हणून काम केलं. निवृत्तीनंतर त्या आठवणी लिहायला घेतल्या आणि हुरूपाने अर्धं पुस्तक शिंदेबाईंकडे टाइप करायला देऊन आले. मग आठवडाभर एकच विचार छळत राहिला. आपलं लिहिलेलं कोण वाचणार?

काचेतून शिंदेबाई दिसल्या. समोर माझी वही उघडी होती, पण बोटं कीबोर्डवर नव्हती. त्या एकामागून एक पानं उलटत होत्या. दिवसभर अर्ज आणि लग्नपत्रिका टाइप करणारी ही बाई हातातलं काम विसरून वाचत होती. मी दाराशीच थबकले. लिहिलेलं छापल्यावर त्याचं पुस्तक होतं, असं मी समजत होते. पण वाचताना एका माणसाचं भान असं हरपलं, की पुस्तक तिथेच झालेलं असतं बहुतेक.

मला पाहून त्या म्हणाल्या, "अहो ताई, ओढ्याला पूर आला, तुम्ही सुमनच्या झोपडीत अडकलात, आणि वही संपली! पुढे काय झालं?"

"मुलगी झाली."

"आणि सुमन?"

"सुखरूप."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "मग हे असं तोंडी काय सांगता? लिहून आणा."

घरी येऊन चहासुद्धा न टाकता मी बसले आणि लिहिलं, "पहाटे पाऊस थांबला, तेव्हा सुमनची लेक रडली."