मुलं सांभाळण्याची सोय आहे

जयवंत बोरसे मूळचा शिंदखेड्याकडचा. परमुलखात, मसाटला यार्नच्या म्हणजे धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला लागला आणि तिथेच त्याचे केस पिकले. आठवडाभर खोके चिकटवायचे आणि रविवारी सकाळी टोकरखाड्याला, राहत्या कॉलनीच्या हॉलमध्ये ढोलकी काढायची. खानदेशातली माणसं जमत, गावाकडच्या चालीवर भजन होई. कंपनीत त्याला सगळे ‘ए पॅकिंग’ म्हणत. हॉलमध्ये आप्पा म्हणत. आठवडा ढकलायला त्याला तेवढं पुरत होतं.

तर तो हॉलच हातचा जायची वेळ आली. कॉलनीचे सेक्रेटरी कौस्तुभ साहेब, पुण्याचे इंजिनियर. योगावाल्यांनी त्यांच्याकडे रविवारची सकाळ मागितली होती. योगावाल्यांची वेबसाइट होती, तिच्यावर वाकलेल्या माणसांचे फोटो होते. साहेब म्हणाले, तुमच्या मंडळाचं ऑनलाइन काहीच सापडत नाही, मीटिंगमध्ये मी दाखवू काय? जयवंत म्हणाला, दाखवण्यासारखं करतो.

चहाच्या सुट्टीत तो मोबाइलवर व्हिडिओ बघू लागला. धार्मिक मंडळाची वेबसाइट फुकटात कशी बनवायची हे शिकवणारे भले लोक जगात पुष्कळ आहेत. एका ठिकाणी तयार नमुने मिळाले. देवळाचे नमुने विकतचे होते, चर्चचा फुकट होता. जयवंतने चर्चचा घेतला. मनोऱ्याच्या जागी गावाकडच्या कानबाई देवीचा फोटो लावला, पाद्र्याच्या जागी स्वतःचा. चौकट गोल होती. तिच्यात टोपी मावली नाही, कान मात्र दोन्ही आले. भाषा मराठी निवडली तशी सगळी इंग्रजी आपोआप मराठी झाली. ‘रविवारची सभा दहा ते बारा. सर्वांचे स्वागत. मुले सांभाळण्याची सोय आहे.’

रिकाम्या चौकटीत त्याने मंडळाचं नाव आणि पत्ता भरला. बाकीच्या मजकुराला हात लावला नाही. खोक्यावर जे छापून आलं ते वरून ठरून आलेलं असतं, पॅकिंगवाल्याने फक्त मोकळी जागा भरायची, हे त्याच्या हाडात मुरलेलं. मग त्याने ती लिंक कॉलनीच्या ग्रुपवर टाकली.

रविवारी ढोलकीची कडी ताणतोय तोच कॉलनीतली सोनम दारात उभी. सोनम मसाटलाच दुसऱ्या कंपनीत कामाला, रविवारचीही पाळी. तिने पोरगा आत सोडला, त्याला खोकला आहे, बिस्किट देऊ नका एवढं सांगितलं आणि गेली. तिच्यामागून आणखी बाया आल्या. अभंग सुरू व्हायच्या आत हॉलमध्ये टाळकऱ्यांपेक्षा पोरं जास्त झाली.

जयवंतने बायकोकडे पाहिलं. सुनंदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“तुम्हीच लिखं ना,” त्या म्हणाल्या. “आते सांभाळा.”

पुढच्या रविवारी पोरं वाढली, टाळकरी घटले. गळ्यात पोर लोंबकळत असताना माणसाला वरचा सूर लागत नाही, ही तक्रार खोटी नव्हती. ती ओळ काढून टाकायचं जयवंतने नक्की केलं. पण काढायच्या आधीच मीटिंग आली.

योगावाल्यांनी फोटो दाखवले. साहेबांनी मान डोलावली. जयवंतला कळलं, गेला हॉल. तेवढ्यात सोनम आणि बाकीच्या बाया पाळी सुटून तशाच आल्या, डोक्यावर कंपनीच्या टोप्या. सोनमने सगळं ऐकून घेतलं.

“द्या ना साहेब योगाला,” ती म्हणाली. “पोरं रविवारी तुमच्या घरी आणून सोडू. कितवा मजला?”

साहेबांनी फोन काढून मंडळाची वेबसाइट पुन्हा एकदा नीट वाचली. मग ठराव झाला: रविवारी सकाळी हॉल मुलांच्या सांभाळासाठी. योगाला संध्याकाळ मिळाली. भजनाचा शब्द ठरावात कुठेच नव्हता.

“आन् आमचं भजन?” जयवंतने विचारलं.

“तुम्ही तिथे असणारच आहात,” साहेब म्हणाले. “म्हणा की.”

रविवारी जयवंतने ढोलकी मांडीवर घेतली आणि अभंग धरला. मागे म्हणायला जुने चार टाळकरी उरले होते, बाकी सगळी सोनमच्या पोराची गँग. तोंडं उघडायला ती तयारच होती. चाल गावाकडचीच राहिली. मधूनच कुणीतरी शू लागल्याचं सांगायचं. तेवढं चालीत बसत नव्हतं.