राखेतला पावटा

आमच्याकडे भात कापून झालं की खाचरात उरलेल्या ओलीवर पावटा पेरतात. नांगरणी नाही, काही नाही. एकाने पहारीने भोक पाडायचं, दुसऱ्याने मागून दोन दाणे टाकून टाचेने माती लोटायची. काम दोघांचं. म्हणून दिवाळीनंतर चार दिवसांची रजा काढून हे मुंबईहून यायचे. शिमग्याला काय, सगळा गावच येतो. ते चार दिवस मात्र माझे एकटीचे. पहार ह्यांची, दाणे माझे. भोक वाकडं पडलं की मी बोलायची आणि हे नुसते हसायचे.

त्या वर्षी पत्र आलं, रजेसाठी फार हातापाया पडावं लागतं म्हणून. माझं डोकंच फिरलं. नेमका तेव्हाच शेतीचं शिकलेला एक साहेब पेरणीचं नवं यंत्र चालवून बघायला खाचर शोधत होता. मी माझं दिलं आणि ह्यांना लिहिलं, "यंत्र येणार आहे. तुमच्यावाचून काही अडत नाही." वाटलं होतं, वाचून धावत येतील. आले नाहीत.

यंत्र आलं ते मिरजोळ्याच्या एका कारखान्यात जोडलेलं, पॉवर टिलरला बांधून. खाली जमीन चिरणारी पोलादी तबकडी, वर बियाण्याची पेटी. पेटीत बारीक भोकांची दुसरी तबकडी फिरायची. पंखा हवा ओढायचा, भोकाभोकाला एकेक दाणा चिकटायचा आणि खाली चिरेत पडायचा. मी बांधावर हात बांधून उभी. मला काही कामच नव्हतं.

माझा पावटा मडक्यात राखेत ठेवलेला. साहेबाने तो फडक्याने दाणा न् दाणा पुसून घेतला. मला बघवेना. आमच्या घरात राखेवाचून बी कधी मातीत गेलं नाही. दोन ओळी झाल्यावर तो चहाला बसला, तेव्हा मी पेटीचं झाकण उघडून दोन ओंजळी राख आत टाकली आणि हाताने चांगली कालवली. तेवढंच आपलं काम.

आठवड्याने पहिल्या दोन ओळी उगवल्या. पुढे सगळं उघडं. साहेबाने पेटी उघडून बघितली, तर तबकडीची भोकं राखेने गच्च बुजलेली. "वहिनी, पुसायला मीच कमी पडलो," म्हणाला बिचारा. मी गप्प राहिले. त्याची मला अजून लाज वाटते. तोवर ओल उडाली होती, परत पेरायची सोय नव्हती. साहेब यंत्र घेऊन गेला तो परत आला नाही. मी ह्यांना लिहिलं, "पावटा झकास आलाय."

शिमग्याला हे आले. मी बाजारातून आणलेल्या पावट्याची उसळ केली. ह्यांनी दोनदा वाढून घेतली. म्हणाले, "घरचा तो घरचाच. बरं झालं हो, यंत्र आलं. आता तुझी काळजी मिटली." खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "आणखी वाढू?"

पुढल्या दिवाळीनंतर ह्यांनी रजा मागितलीच नाही. मी पहार घेऊन खाचरात उतरले. भोक पाडायचं, पहार ठेवायची, वाकून दाणे टाकायचे, परत पहार उचलायची. तिसरंच भोक वाकडं पडलं. सवयीने मी बोलून गेले, आणि मग ध्यानात आलं की पाडणारी मीच आहे.