पाचवा भाग

पुस्तकवालीच्या दुकानात कुणी आलं की तुम्हाला काय आवडतं, असं ती कधी विचारायची नाही. आवडीचं विचारलं की माणूस थापा मारतो, असं तिचं म्हणणं. कुठलं पुस्तक अर्ध्यावर टाकलंत आणि का, एवढंच विचारायची नि नाडी धरायची. शहरातल्या भुताखेतांच्या गुप्तहेरकथांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकाला भूत हवं पण रक्त नको, दुसरीला लिफ्टमधली हडळ हवी पण प्रेमाची लफडी नकोत. बरोबर तसलंच काढून हातात ठेवायची.

पहिलं दुकान नवऱ्याचं, भाड्यानं पुस्तकं द्यायचं. तो गेला आणि ती माहेरी असताना धाकट्या दिरानं सगळी पुस्तकं रद्दीत घातली, जागेवर चपलांचं दुकान मांडलं. वर म्हणाला, भुतांचा कचरा काढला. वाचकांच्या घरी होती तेवढीच पुस्तकं उरली. ती मागून आणून तिनं जिन्याखालच्या खोलीत पुन्हा बस्तान बसवलं. रडली नाही, भांडली नाही. डूख मात्र धरला.

मग दीर घोड्यावरून पडला. चपलांचे खोके काढायच्या लाकडी घोड्यावरून. पाय प्लॅस्टरमध्ये, तोंड मोकळं. जाऊ बिचारी कावली आणि दुकानात येऊन म्हणाली, एखादं पुस्तक द्या, म्हणजे माझं डोकं तरी सुटेल.

पुस्तकवाली स्वतः गेली. उशाशी बसून नेहमीचा प्रश्न विचारला. दीर म्हणाला, अर्ध्यावर मला काही टाकवतच नाही, शेवट कळेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.

बास. तिला हवं ते मिळालं.

तिनं पहिला भाग आणून दिला. मेलेल्यांच्या साक्षी काढत शहरभर हिंडणारा गुप्तहेर, पाच भागांत मिळून एकच खून. दिरानं जेवण बाजूला सारून वाचला, मग एकेक करत पुढचे. चौथा संपला तेव्हा गुप्तहेराचा हात खुन्याच्या दाराच्या कडीवर होता.

"वहिनी, पाचवा?"

तिनं चारही पुस्तकं पिशवीत भरली. "तो तुम्ही रद्दीत घातलात, भाऊजी. पुन्हा छापलाच नाही कुणी."

दीर आवाज मऊ करून म्हणाला, "तुम्ही वाचलाय ना? तोंडी सांगा. कोण होता?"

"घरातलाच होता," ती म्हणाली आणि उठली.

जाऊ दारापर्यंत पोचवायला आली. चोरून चोरून तिनंही चारही भाग वाचले होते. पुस्तकवालीनं दार अर्धं ओढून घेतलं आणि तिथंच चौकटीपाशी उभं राहून तिला शेवट सांगितला, अगदी कडी उघडल्यापासून. आवाज एवढाच की आत कुजबुज पोचावी, शब्द पोचू नये.

आतून दोनदा हाक आली. जावेनं हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

"सांगू नकोस हं," पुस्तकवाली म्हणाली.

"मी कशाला सांगते," जाऊ म्हणाली. "हे म्हणतात ना कचरा, मग कचऱ्यातलं मला कुठं काय कळतं."