उजवा गाल कोरा

पडदा वर जातो तेव्हा मंच नाही, मेकअपची खोली दिसते. आरशाभोवती आठ दिवे, त्यातले दोन गेलेले. टेबलावर रंगाच्या डब्या. खुर्चीत डोळे मिटून बसलेली मी, आणि समोर वाकून उभा आमचा रंगारी. सव्वीस वर्षं माझा चेहरा त्यानेच रंगवला. शेवटच्या रांगेतून दिसलं नाही तर रंग फुकट, हे त्याचं पालुपद. म्हणून त्याच्या रेघा जाड.

दुसरी घंटा झाली आणि तो म्हणाला, झालं. मी डोळे उघडले. डावा गाल राणीचा. उजवा माझाच, कोरा, सुरकुत्यांसकट.

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याने समोरून माझ्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा सांगितलं, झालंय की सगळं.

त्याला एचआयव्ही आहे हे मंडळीत मला एकटीलाच ठाऊक होतं. बारा वर्षं त्याने नेमाने गोळ्या घेतल्या. बायको गेल्यावर सोडून दिल्या. कुणासाठी घ्यायच्या, म्हणाला होता. मीही हट्ट धरला नाही, हे आजही बोचतं.

इस्पितळात मेंदूचं स्कॅन झालं. उजव्या बाजूला गाठ. म्हणून त्याच्या डाव्या हाताला असलेलं काही त्याच्या लक्षातच येत नव्हतं, आणि समोर बसलं की माझा उजवा गाल नेमका तिकडे येतो. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की प्रतिकारशक्ती इतकी ढासळली की अशा गाठीमागे बहुतेक वेळा दोघांपैकी एक असतो: एका परजीवी जंतूचा संसर्ग, नाहीतर लिम्फोमा, म्हणजे कर्करोग. स्कॅनमध्ये दोघं जुळ्या भावांसारखे दिसतात. म्हणून आधी दोन आठवडे संसर्गावरचं औषध द्यायचं. गाठ आटली तर संसर्ग; नाही आटली तर कवटीला भोक पाडून सुईने तुकडा काढायचा. सुईचं नाव ऐकून रंगारी पांढराफटक पडला.

आमच्या मंडळीत एकाची गोळी ती सगळ्यांची. घसा बसो, गुडघा धरो, प्रयोग थांबत नाही. डोकं ठणकायला लागल्यावर त्याने माझ्या दम्याच्या गोळ्या मागितल्या, सूज उतरते म्हणून. मी अख्खं पाकीटच दिलं. चौथ्या दिवशी तो शीळ घालत माझे दोन्ही गाल रंगवत होता.

दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठ निम्मी झाली होती. डॉक्टरीणबाई मात्र लगेच खूश झाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "दुसरं काही घेतलं नाहीत ना? स्टिरॉइडने लिम्फोमासुद्धा काही दिवस वितळतो, आणि मग आम्ही फसतो."

तो नाही म्हणाला. माझ्या गोळ्या स्टिरॉइडच्या, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं बोलले, स्वतःचं एक तोंडातून फुटेना.

तो उठला, दारापर्यंत गेला, कडीशी चाळा करत उभा राहिला. मग परत येऊन त्याने खिशातलं रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं.

"चेहरे बदलणं माझा धंदा आहे, डॉक्टर," तो म्हणाला. "या गाठीचा नव्हता बदलायला पाहिजे."

त्या रागावल्या नाहीत. वितळत्या गाठीतून सुईला खरं काही सापडत नाही, म्हणून माझ्या गोळ्या बंद करायच्या आणि गाठ पुन्हा वाढते का ते बघायचं, असं ठरलं. आता दुखणं परत यायची वाट बघायची.

रोज सकाळी तो माझ्या घरी यायचा, मला खिडकीपाशी बसवून रंगवायचा. दोन्ही गाल रंगले की वैतागायचा, मग त्या वैतागालाच हसायचा. दोन वाक्यांच्या मध्ये खोलीत दहा येरझारा घालायचा. मी आरशात आधी उजवीकडे बघायची, आणि तिथे काय दिसावं असं वाटतंय ते माझं मलाच कळायचं नाही.

एकोणिसाव्या सकाळी उजवा गाल कोरा होता. त्याने माझे डोळे वाचले आणि डब्यांची झाकणं एकेक करून लावली.

तुकड्यात लिम्फोमाच निघाला. नेमके उपचार मिळाले, एचआयव्हीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि आणखी तीन वर्षं त्याने साध्या माणसांचे राजे केले. पण ते नंतरचं. सुईच्या सकाळी त्याचं डोकं भादरलेलं होतं, आणि सर्जन सुईची जागा आखायला पेन घेऊन त्याच्यावर वाकले होते. मी खुर्चीत बसून मिटायची तसे त्याने डोळे मिटले. ढकलगाडी आत जाण्याआधी एवढंच बोलला:

"रेघ जाड काढा, डॉक्टर. शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजे."